रामाचा जबडा, शिवाचं नाव

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा झोंबली. दुसऱ्यांदा वाटलं, दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी ही नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'रामापिथेकस हा मानवाचा आद्य पूर्वज' असं तुम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलंत, आणि मी माझ्या लेखातल्या एका परिच्छेदात त्याला ओरँगउटानच्या गोतात ढकलून मोकळा झालो. भारतात सापडलेला पूर्वज पाश्चात्त्यांना खुपला, म्हणून त्यांनी तो काढून टाकला. आणि हातात धरता येणारं हाड सोडून प्रयोगशाळेतल्या 'रेणूंच्या घड्याळा'वर, म्हणजे प्रथिनांतल्या फरकावरून दोन वंश कधी वेगळे झाले हे काढण्यावर विसंबायचं, हे कसलं विज्ञान?

खुपल्याचा मुद्दा आधी घेतो, तो लवकर मिटेल. रामापिथेकसचा पहिला जबडा १९३२ मध्ये हरितल्यांगरला, म्हणजे आजच्या हिमाचल प्रदेशात, जी. एडवर्ड लुईस या येल विद्यापीठाच्या अमेरिकी विद्यार्थ्याला मिळाला. १९३४ मध्ये रामाचं नाव त्यानंच दिलं. (त्याच वेळी त्यानं एक सुग्रीवपिथेकसही जाहीर केला होता. हौस दांडगी!) साठच्या दशकात मानवाच्या पंगतीत रामापिथेकसला पाट मांडून दिला तो एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी. पुढे तो पाट उचलणाऱ्यांत खुद्द पिलबीमच होते. यात भारताला डावलण्याचा डाव मला तरी दिसत नाही.

आता हाड. हातात धरता येतं हे खरं, पण होतं किती? वरच्या जबड्याचा एका बाजूचा तुकडा आणि त्यात मोजके दात. दातांची कमान माणसासारखी गोलसर की कपींसारखी (चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान ही बिनशेपटीची वानरं) लांबट, हे सांगायला दोन्ही बाजू हव्यात, निदान मधली रेषा तरी. तीच नव्हती. मग दुसरी बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारखी जोडली गेली, आणि जोडताना ती किती कलती ठेवायची हे बरंचसं अपेक्षेनं ठरवलं. केनियातल्या फोर्ट टर्ननचे जबडे तेव्हा याच रामापिथेकसच्या खात्यात धरत. १९७३ मध्ये ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी त्यांची नीट जुळणी केली, तेव्हा कमान गोल न येता पुढे निमुळती होत गेलेली निघाली.

सुळ्याची गोष्ट तर याहून गमतीची. रामापिथेकसला माणूस मानणाऱ्यांचा तर्क असा: सुळा लहान, म्हणजे लढायला हत्यार वापरत असणार. हत्यार म्हणजे हात मोकळे. हात मोकळे म्हणजे दोन पायांवर चाल. कमरेचं हाड नाही, मांडीचं नाही, पाऊल नाही, आणि सुळ्याच्या खोबणीतून अख्खा माणूस उभा! त्याच काळातला शिवापिथेकस नावाचा जीवाश्म कपी आणि रामापिथेकस हे एकाच जातीचे नर-माद्या असतील, आणि मादीचे सुळे लहानच असायचे, हा साधा खुलासा सर्वमान्य व्हायला बराच काळ गेला.

घड्याळाबद्दल तुमची शंका रास्त आहे. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या फरकावरून माणूस आणि आफ्रिकी कपी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असं मांडलं, तेव्हा जीवाश्मवाल्यांनीही तुमच्यासारखेच हात झटकले होते. तो आकडा आज आणखी मागे, साधारण ६० ते ८० लाखांच्या आसपास धरतात. म्हणजे घड्याळानं फाटाफूट जरा अलीकडची दाखवली होती. पण रामापिथेकसला पूर्वज धरून माणूस आणि कपी यांची फाटाफूट त्या वेळी दीड कोटी वर्षांच्या घरात मानत, त्या मानानं ही चूक किरकोळच.

आणि निकाल केवळ घड्याळानं लागला नाही, हाडानंच लागला. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीम यांच्या चमूला शिवापिथेकसचा बराचसा चेहरा मिळाला. तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या खोबणी उभट, लंबगोल. दोन्हींमधलं अंतर अगदी चिंचोळं. बाजूनं पाहिलं तर चेहरा खोलगट. वरचे मधले दोन दात रुंद, त्यांच्या शेजारचे बारीक. ओरँगउटानची कवटी शेजारी ठेवली की साम्य दाखवायला तज्ज्ञ लागत नाही.

मग रामाचं नाव का गेलं? दोन्ही प्रकार एकच ठरले की प्राण्यांच्या नामकरणात आधी दिलेलं नाव टिकतं. गाय पिलग्रिम यांनी शिवापिथेकस १९१० मध्येच नोंदवला होता. चोवीस वर्षांची ज्येष्ठता, बाकी काही नाही. तो लुईसचा जबडाही आज शिवापिथेकस म्हणूनच नोंदलेला आहे.

एका जागी मात्र मी चुकलो, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे मूळ लेख पुन्हा उघडला तेव्हाच ते दिसलं. मी 'शिवापिथेकस हा ओरँगउटानचा पूर्वज' असं ठोकून दिलं होतं. तेवढी खात्री कुणालाच नाही. १९९० मध्ये पोटवारच्याच शिवापिथेकसच्या दंडाच्या हाडांचा अभ्यास आला. ती हाडं ओरँगउटानसारख्या फांद्यांना लोंबकळणाऱ्या कपींसारखी नाहीत, चार पायांवर वावरणाऱ्या माकडांकडे झुकणारी आहेत. चेहरा एक सांगतो, दंड दुसरंच. एक तर चेहऱ्याचं साम्य स्वतंत्रपणे आलं असेल, नाहीतर लोंबकळणं ओरँगउटानच्या वंशात नंतर स्वतंत्रपणे आलं असेल. बहुतेक अभ्यासक चेहऱ्याला झुकतं माप देतात, मीही देतो, पण 'पूर्वज' हा शब्द काढून 'त्याच शाखेतला, बहुधा चुलत' असं आता लेखात केलं आहे.

तुमच्या कपाटातलं ते जुनं पाठ्यपुस्तक टाकू नका. रामापिथेकसच्या पानाचा फोटो पाठवलात तर लेखात लावीन.