रोबो आला म्हणून बायोप्सी टळत नाही

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतोय: 'प्रोस्टेटचा कॅन्सर आता रोबोच शोधतो, सुई टोचून घेऊ नका, सुईने कॅन्सर पसरतो.' हे चुकीचं आहे, आणि घातकही.

रोबो निदान करत नाही. रोबोच्या मदतीने होते तीही बायोप्सीच, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं; तिच्यातही सुई असतेच. एमआरआयमध्ये दिसलेली संशयास्पद जागा सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवतात आणि यंत्राचा हात सुईची दिशा व कोन धरून ठेवतो. सुई आत घालतो तो बहुतेक पद्धतींत डॉक्टरच. या मदतीची गरज का? प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. सुई टेकताच ती किंचित सरकते, फिरते. काही मिलिमीटरांनी नेम चुकला तर छोटी गाठ निसटते. म्हणून नेहमीच्या पद्धतीत 10-12 ठिकाणचे, दोऱ्यासारखे बारीक तुकडे घेतात. पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कॅन्सर आहे का आणि असल्यास किती आक्रमक, हे ठरवतो.

प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईमुळे कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. काही दिवस लघवीत रक्त दिसणं आणि जंतुसंसर्ग, हे धोके मात्र खरे. नंतर थंडीताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

रक्ततपासणीतला पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन) वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. ग्रंथी सुजली तरी तो वाढतो. पण डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असेल आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा आणखी कुठे तारीख मिळाली असेल, तर रोबोची वाट बघत ती घालवू नका.