कढीपत्त्यावरची बाळंतीण

गच्चीत कढीपत्त्याची चांगली डेरेदार कुंडी असूनही सध्या आम्ही कढीपत्ता मंडईतून आणतोय. कारण कुंडीत बाळंतपण चालू आहे.

बाळंतीण इतकी हिरवीगार, की डहाळी तोडायला हात घातला तेव्हा पानच अंगावर आलं असं वाटलं. लिंक्स जातीची कोळीण ही. जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसणं हिच्या स्वभावात नाही. दबा धरायचा आणि थेट झडप. पायांवर काळे काटे. पोटाखाली अंड्यांची मळकट पिवळी पुडी, चहूबाजूंनी धाग्यांचे तणावे देऊन पानांना बांधलेली. मी काडीने पान जरा बाजूला केलं. बाई पळाली नाही. पुडीवर आडवी झाली, पुढचे पाय उचलले आणि आठही डोळे माझ्यावर रोखले. ती अंगठ्याच्या नखाएवढी, मी सत्तर किलोचा. माघार कुणी घेतली हे सांगायला नकोच.

तेव्हापासून झारी बंद. पाणी तांब्याने, बुंध्याशी. मावा पडला तरी निमअर्क फवारायचा नाही. आईने तर ‘बाळंतिणीला वारा लागतोय’ म्हणून कुंडी आडोशाला सरकवून घेतली. हीच आई दिवाळीआधी केरसुणी घेऊन जळमटांवर तुटून पडते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात ती लांब पायांची कोळीण तोंडात अंड्यांचा घोस धरून उलटी लटकलेली असते, तिला कुठला आडोसा!

कुंड्यांमधून धावणारी लांडगा कोळीण त्या मानाने सोयीची. पुडी मागे चिकटवून फिरते, पुढे पिल्लंही पाठीवर घेऊन हिंडते. आपल्या कामात तिचा अडथळा नाही. ही मात्र ठिय्या देऊन बसलेली.

“घरचं झाड वाळलं का?” भाजीवालीने विचारलं.

“नाही, त्यावर कोळीण बसलीय.”

तिने कढीपत्त्याबरोबर मूठभर मिरच्याही फुकट दिल्या. बहुधा माझी दया येऊन.

परवा पुडी फाटली. काल पिल्लं एकेक करून डहाळीच्या टोकाला चढली, पोट वर केलं, धागा सोडला आणि वाऱ्यावर निघाली. वारा होता शेजारच्या काकूंच्या गच्चीकडे. या काकू झुरळ दिसलं तरी फवारणीवाल्याला फोन लावतात.

“त्यांना सांगायला हवं का?” बायकोने विचारलं.

“बारशाचं बोलावणं करू, तेव्हा सांगू,” आई म्हणाली.