एक शाल, एक नारळ आणि ७५१ रुपये

परवा मोंढ्यात शेठच्या गादीवर आबांना शाल आणि नारळ मिळाला. मला एक पाकीट. लोकांसमोर पाकीट फोडणं बरं दिसत नाही म्हणून घरी येऊन फोडलं. पाचशेची एक, शंभराच्या दोन, पन्नासची एक, आणि वर पाकिटालाच चिकटवलेला तो रुपया. एकूण ७५१. त्या रुपयाकडं बघून माझं डोकं अजून भणभणतंय.

आबा म्हणजे माझे चुलत चुलते. वीज मंडळात ३४ वर्षं वायरमन. ते खाली राहतात, मी वर माडीवर, पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यात परभणीत पत्र्याखाली बसून कॉम्प्युटरचं काम करणारा माणूस एकतर साधू असतो नाहीतर कर्जबाजारी. मी साधू नाही.

शेठची मोंढ्यात आडत आहे. शेतकऱ्यानं माल घातला की वजन, भाव, हमाली, तोलाई जाऊन हातात काय पडणार ही पट्टी त्याला मोबाइलवर दिसावी, असं अ‍ॅप त्यांना पाहिजे होतं. मी ते जँगोत, म्हणजे वेब-अ‍ॅप बांधायच्या एका तयार सांगाड्यात, लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालत होतं. आता फक्त सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, चढवायचं राहिलं होतं. सगळं आयतं सांभाळून देणारी सोय मिळते, पण शेठ म्हणाले, "स्वस्तातलं बगा." म्हणून एक जीबी रॅमचा, उबुंटू २४.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमचा, रिकामा, ज्याचं त्यानं बघायचं असा सर्व्हर घेतला. सगळ्यात स्वस्त फ्रँकफर्टला मिळत होता.

इथं आबा जिना चढून आले. रिटायर झाल्यापासून दुपारी ते माझ्याकडं येतात, कारण माझ्याकडं कूलर आहे.

"काय करायलास?"

"सर्व्हर बसवायलोय आबा."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलाखाली वाकून बघितलं. "कुठंय?"

"जर्मनीत."

आबा थोडा वेळ तंबाखू मळत राहिले. मग अत्यंत समाधानानं म्हणाले, "जगात जर्मनी, भारतात परभणी. बरोबर हाय." आयुष्यभर ऐकलेल्या म्हणीचा त्यांना त्या दिवशी पुरावा मिळाला. तिथून ते उठलेच नाहीत. तीन दिवस.

पडद्यावर नाव दिसलं तसं त्यांनी अक्षरं लावून वाचलं, "डी-जांगो."

"जँगो, आबा. डी मुका आहे."

"मुका हाय तर लिवला कामून?"

"तसंच असतंय ते."

"आमच्या हापिसात बी होते दोघं असे," आबा म्हणाले. "मस्टरवर नाव, कामाला मुके."

मग ते नाव कुणाचं, हे सांगावं लागलं. जँगो राइनहार्ट नावाचा गिटार वाजवणारा होता. १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं कायमची अधू झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्यानं अशी गिटार वाजवली की लोक अजून तोंडात बोट घालतात. आबांनी तंबाखू मळायची थांबवली आणि उजव्या हाताची तर्जनी माझ्यासमोर धरली. ती वरच्या पेरापासून वाकडी आहे, कातडी मेणासारखी चकचकीत. डीपीच्या पेटीत फ्यूज टाकताना जाळ उडाला होता. मी लहानपणापासून ते बोट बघत आलोय, पण कधी विचारलं नव्हतं. "म्हंजे मानूस आपल्यातला हाय," आबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून जँगो म्हणजे त्यांचा सहकारी झाला. मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या त्या २००५ च्या जूनमध्ये. सॉफ्टवेअरवालं जँगो लोकांसाठी खुलं झालं त्याच वर्षी जुलैत. हे मी सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "एक गेलं की एक येतंय."

माझं काम मात्र पुढं सरकत नव्हतं. जँगो बसवायची आज्ञा दिली तर सर्व्हर म्हणाला, हे घर बाहेरून सांभाळलं जातं, इथं हात लावायचा नाही. 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट.' पैसे मी भरले, घर माझं, आणि मलाच उंबऱ्यावर अडवतंय. वर त्याच निरोपात खाली बारीक सांगतंय की अगदीच ऐकायचं नसेल तर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं लिहा. म्हणजे आत येऊ नका, पण यायचंच असेल तर दाराजवळ पहार ठेवली आहे. मी पहार उचलली नाही. निमूटपणे व्हेन्व्ह केलं, म्हणजे जँगोसाठी अंगणात वेगळी चूल मांडली. ती मांडायलाही एक पॅकेज आधी आणावं लागलं. आबा म्हणाले, "वाटनी झाली म्हन की."

संध्याकाळी सहज लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून बघितला. सर्व्हर घेऊन एक दिवस झाला नव्हता आणि कुठले कुठले लोक रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य मालकाच्या, नावानं पासवर्ड मारून बघत होते. ओळीच्या ओळी. आबांनी विचारलं हे काय, मी सांगितलं. ते ताडकन उठले.

"आकडे टाकायलेत!"

या माणसाची अर्धी नोकरी तारेवरचे आकडे काढण्यात गेली. रात्री बांबूला वायर बांधून आकडा टाकणाऱ्यांची तीन पिढ्यांची नावं त्यांना पाठ आहेत. "कोनत्या गावचे हायेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काय माहीत, जगातले. "पयले दार लाव," आबा म्हणाले, "मग बाकीचं बग."

माणूस घाईत असला आणि डोक्यावर वायरमन उभा असला की काय होतं, ते झालं. मी यूएफडब्ल्यू, म्हणजे फायरवॉल, चालू केलं. ते विचारत होतं की चालू जोडणी तुटू शकते, पुढं जाऊ का? "हो म्हन," आबा म्हणाले. मी हो म्हटलं. काही तुटलं नाही. मी छाती फुगवली. आणि बरोबर तेव्हा वळवाचं वारं सुटलं, लाइट गेली, लॅपटॉपला बॅटरी होती, राउटरला नव्हती.

पाऊण तासानं लाइट आली तेव्हा सर्व्हरचं दार लागलेलं होतं. आकडेवाल्यांना, आणि मलाही. मला आत जायला लागतं ते २२ नंबरचं पोर्ट उघडं ठेवायचं विसरलो होतो. आधीची जोडणी होती तोवर कळलं नाही, ती तुटली तेव्हा कळलं. किल्ली आत ठेवून लॅच ओढलेल्या माणसासारखा मी जर्मनीच्या दाराबाहेर परभणीत उभा. शेवटी ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांच्या वेबसाइटवरच्या कन्सोलमधून, म्हणजे मोरीच्या खिडकीतून म्हणा, आत शिरलो आणि ओपनएसएसएचला, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायच्या प्रोग्रामला, वाट करून दिली. आबा तोवर खाली जाऊन जेवून आले होते. "तिकडं लाइट हाय का?" त्यांनी विचारलं. तिकडं असते. ती जात नाही म्हणे. यावर आबांचा अजूनही विश्वास नाही.

तिसऱ्या दिवशी ५०२.

ज्यांना ५०२ माहीत नाही त्यांचं भलं होवो. सर्व्हरवर पुढं एनजिनएक्स नावाचा प्रोग्राम बसतो, लोकांचं म्हणणं ऐकून घेतो. मागं गुनिकॉर्न बसतो, तो जँगोकडून काम करून घेतो. दोघांच्यामध्ये निरोप द्यायला-घ्यायला एक सॉकेट फाइल असते. पुढच्याचं मागच्याशी जमलं नाही की लोकांना 'बॅड गेटवे' असं कोरडं पान दिसतं. सकाळी दहापासून मी दोघांना बंद-चालू, बंद-चालू करत होतो. कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, अकरा वेळा वाचलं. सेमिकोलन मोजले. दुपारी दोनला पत्रा असा तापला की कूलरच गरम वारं मारायला लागला.

"गेट खराब हाय म्हनते," आबांनी वाचून सांगितलं. जसं काही मला वाचता येत नाही.

"माहितेय आबा."

"मग बदल की."

मी काही बोललो नाही. लॉग उघडला. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा. सॉकेटपर्यंत पोचता येत नाही, कंसात १३, परमिशन डिनाइड.

"परमिट घेतलं न्हवतं का?"

आबांचा आवाज बदलला होता. मी वळून बघितलं. ते पाठ ताठ करून बसले होते.

"परमिट न घेता लाइनीला हात लावतेत का? सबस्टेशनला फोन करायचा, फीडर बंद करून घ्यायचा, वहीत टायम लिवायचा, नंबर घ्यायचा. मग खांबावर. खाली उतरल्याबिगर अन् परमिट वापस केल्याबिगर कुनाच्या बापानं फीडर चालू करायचा न्हाई. अन् तू तीन दिवस झाले काम करायलास अन् परमिटच न्हाई?"

मग त्यांनी एका पावसाळ्यातली गोष्ट सांगितली, ज्यात एका पोरानं परमिट घेतलं होतं पण पलीकडच्या फीडरचं. ती पूर्ण सांगितली. मधे लघवीला जाऊन आले आणि सोडली होती तिथून पुन्हा धरली. गोष्टीत शेवटी पोरगं वाचतं, पण त्याची सायकल सापडत नाही. सायकलचा तपास कसा लागला हे वीस मिनिटं चाललं. मी मधे दोनदा रडकुंडीला आलो, त्याचं कारण त्यांना गोष्ट वाटली.

"आता सांग," आबा म्हणाले, "परमिट कुनाचं पायजे?"

चिडून सांगायला लागलो, म्हटलं ऐकून तरी गप्प बसतील. "हे बघा. हे माझं घर, म्हणजे सर्व्हरवरचं माझ्या नावाचं फोल्डर. सॉकेट ह्याच्या आत आहे. ह्या घराचा आकडा ७५०. पहिला ७ मालकाचा, त्याला सगळं करता येतं. ५ घरच्या मंडळींचा. शेवटचा बाहेरच्यांचा, त्यांना शून्य."

"साडेसातशे?"

"हो."

"साडेसातशे कुनी देतंय का?" आबांना खरोखर वाईट वाटलं होतं. "शून्यावर संपवत न्हाईत बाबा. मयताला देतेत तसं. आहेर करायचा तर वर रुपया ठेवावा लागतोय. सातशे एकावन्न कर."

मी हसलो. हसता हसता थांबलो.

एनजिनएक्स हा बाहेरचा माणूस. त्याला माझ्या घरात काय काय आहे हे बघायचं नव्हतं, काही लिहायचं नव्हतं. ओसरीवरून चालत मागच्या परसात, सॉकेटपर्यंत, जायचं होतं, बस. फोल्डरवर एवढ्याच परवानगीचा आकडा असतो एक. मी जे मार्गदर्शन समोर ठेवून काम करत होतो ते उबुंटू २०.०४ च्या काळातलं. तेव्हा घराचा आकडा मुळातच ७५५ असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळीक. २१.०४ पासून त्यांनी तो ७५० केला आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

मी लिहिलं, सीएचमॉड ७५१, म्हणजे घराचा आकडा ७५१ कर.

"थांब, माझ्या हातानं होऊ दे," आबा म्हणाले, आणि त्या वाकड्या तर्जनीनं एंटर दाबलं. पान ताजं केलं. शेठच्या आडतीचं लॉगिन, हिरव्या पट्टीसकट, समोर.

आबा जिन्यातूनच ओरडत खाली गेले. चहाच्या वेळेपर्यंत गल्लीला कळलं होतं की तीन दिवस पोराला जमलं नाही ते आबांनी एका रुपयात केलं. रात्री मोंढ्यात कळलं. दुसऱ्या दिवशी शाल.

मला शालीचं दुःख नाही. मे महिन्यात शाल घेऊन करू काय. पण डेटाबेस कुणी बसवला? सर्व्हर मधेच बंद पडून उठला तर अ‍ॅप आपोआप उभं राहावं म्हणून ती सर्व्हिस फाइल कुणी लिहिली? वेबसाइटच्या पत्त्यापुढच्या कुलपाचं प्रमाणपत्र ९० दिवसांनी संपतं, ते आपलं आपण नवं व्हावं ही व्यवस्था कुणी केली? रोज रात्री बॅकअप जातो, तो आबा डोक्यावर घेऊन जातात का? खांबावर चढलेला माणूस चार लोकांना दिसतो, खाली उभं राहून ते मान वर करून बघतात. मी चढतो तो खांबच कुणाला दिसत नाही. हेच मी पुण्याला एखाद्या काचेच्या इमारतीत बसून केलं असतं तर गळ्यात पट्टा असता आणि लोक 'साहेब काय करतात' असं आईला विचारत असते. इथं विचारतात, "घरीच असतोस ना? मग जरा प्रिंटर बघून जा." अकरावीचे फॉर्म मी भरायचे, आधार मी जोडायचं, पीक विम्याची पावती मी काढायची. फुकट. आणि हे अ‍ॅपचं काम, ज्याचा भाव आधी ठरला होता, त्याचं बिल पुढं केलं तर शेठ म्हणाले, "हे शकुनाचं ठेवा. बाकीचं सोयाबीन आल्यावर बघू." सोयाबीन अजून पेरलेलंसुद्धा नाही.

आणि वर, "तसं रुपयाचंच काम होतं म्हने, आबा सांगत होते."

आत्ता लिहिता लिहिता शेठचाच फोन आला. त्यांना लॉगिनच्या वर गणपती पाहिजे होता. काल टाकला, पण चित्रं गोळा करून जागेवर ठेवणारी कलेक्टस्टॅटिक ही आज्ञा चालवायची राहिली, त्यामुळं गणपतीच्या जागी फाटक्या चित्राची चौकट दिसतेय. एका आज्ञेचं काम आहे, इथूनच होतं. मी म्हटलं, शेठ, पाच मिनिटांत करतो.

"न्हाई न्हाई, गडबड नका करू," शेठ म्हणाले. "देवाचं काम हाय. आबांना घेऊनच बसा."