नॅनो गोळी 'थेट रक्तात' जात नाही

'औषधाचा कण नॅनो केला की तो आतड्याच्या भिंतीतून थेट रक्तात जातो, दहावा हिस्सा डोस पुरतो, आणि आता इन्शुलिनचीही सुई नको' असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातलं शेवटचं वाक्य धोकादायक आहे. पण घोळ पहिल्यापासूनच आहे.

आतड्याच्या दोन पेशींमधली फट जेमतेम 1 नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि औषधाचा नॅनो-कण साधारण 100 ते 400 नॅनोमीटरचा. तो तिथून जाणार कसा? त्यात वर श्लेष्माचा थर. बरेच कण त्यातच अडकून पुढे वाहून जातात. बाजारातल्या बहुतेक नॅनो गोळ्यांचं काम वेगळंच आहे: लवकर विरघळणं. 10 मायक्रोमीटरचा, म्हणजे 10,000 नॅनोमीटरचा कण दळून 200 नॅनोमीटरवर आणला, की तेवढ्याच औषधाचं पृष्ठफळ 50 पट होतं. भिंत ओलांडतो तो विरघळलेला रेणू. म्हणून लाभ होतो तो पाण्यात मुश्किलीने विरघळणाऱ्या, पण पेशींतून सहज जाणाऱ्या औषधांना. जे आधीच चटकन विरघळतं, त्याचा कण बारीक करून काही हाती लागत नाही.

नुसतं दळूनही भागत नाही. झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकच्या बारीक मण्यांसोबत पाण्यात तासन्‌तास दळताना एचपीएमसीसारखा स्थिरक, म्हणजे कणांना एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ लागतो. तो कमी पडला तर कण गोळा होतात. शिवाय बारीक कण विरघळून मोठ्यांवर जमतात, आणि कमावलेलं पृष्ठफळ जातं.

डोसचं म्हणाल तर फेनोफायब्रेट हे रक्तातली चरबी कमी करणारं औषध पाहा. 160 मिग्रॅची गोळी नॅनो रूपात 145 मिग्रॅची झाली, 16 ची नव्हे. मोठा फायदा हा, की ती जेवणासोबतच घेण्याची अट सुटली.

'थेट रक्तात' म्हणजे औषधाचा काही भाग तोडणारं यकृत टळतं, असंही नाही. विरघळलेला रेणू बहुतांशी नेहमीच्याच शिरेने तिथे पोचतो.

आता इन्शुलिन. त्याची अडचण विरघळण्याची नाहीच. पाचकरस ते तोडतात आणि एवढा मोठा रेणू भिंत ओलांडत नाही. 2019 साली मंजूर झालेली सेमाग्लुटाइडची (मधुमेहावरचं, एरवी सुईने घ्यायचं औषध) गोळी नॅनो नाही. तिच्यात शोषण वाढवणारा 300 मिग्रॅ क्षार आहे, ती उपाशीपोटी जास्तीत जास्त 120 मिली पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं नाही. एवढं करून सुमारे 1 टक्काच औषध रक्तात पोचतं. निम्मं सेमाग्लुटाइड शरीरातून जायला आठवडाभर लागतो, म्हणून रोजच्या शोषणातला चढउतार निभावतो. इन्शुलिनमध्ये तोच चढउतार झाला तर साखर एकदम घसरते. असा मजकूर वाचून कुणीही इन्शुलिनची सुई थांबवू नये.