वरचे पाच टक्के कुणाचे?

सामन्यांवरच्या सट्ट्याचे भाव कसे वाचावेत, यावरच्या तुमच्या लेखातलं '१ ला भावाने भागा की जिंकण्याची शक्यता मिळते' हे वाक्य खटकलं. अर्धंच सांगितलंय. दोन्ही संघांना १.९० भाव असेल, म्हणजे लावलेल्या रुपयाला जिंकल्यावर एक रुपया नव्वद पैसे हाती येत असतील, तर प्रत्येकी ५२.६ टक्के येतात, म्हणजे बेरीज १०५ च्या वर. जिंकणार एकच, मग वरचे पाच कुठले? ते भाव ठरवणाऱ्या बुकीचे. पडद्यावर दिसते ती निव्वळ शक्यता नव्हे, त्याचं कमिशन आधीच कापलेला दर असतो तो. आमच्या निपाणीकडच्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागायचं नाही. मटक्यात सिंगलला, म्हणजे एकाच आकड्यावर लावायचं तर, आकडे दहा आणि लागला तर रुपयाला नऊ. दहावा कुणाच्या खिशात जातो, हे चहाच्या गाड्यावरचं पोरगंही सांगायचं!

दुसरं, दशांश भावात (१.९० असा लिहितात तो) लावलेली रक्कम धरलेली असते, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. गोंधळ नेमका तिथेच होतो. आयपीएलच्या दिवसांत माझा भाचा मोबाईल दाखवून म्हणाला, "मामा, १.४० आहे, शंभरावर एकशेचाळीस सुटतात." म्हटलं, बाबा, त्यातले शंभर तुझेच की रे! सुटतात ते चाळीस. आपल्याकडे कट्ट्यावर तोंडी 'चाळीस पैसे' म्हणतात तो हाच भाव, इंग्रजी पद्धतीत २/५ (पाचावर दोन नफा), अमेरिकन पद्धतीत -२५० (शंभर नफ्यासाठी अडीचशे लावायचे). तोंडी भावात निदान फक्त नफाच बोलला जातो. पडद्यावर तोच भाव उगाच घसघशीत दिसतो.