बापांनो, पोरगं बिघडायच्या आत हे वाचा

तुम्हाला मुलगा झालाय ना, मग आधी अभिनंदन, पेढे पोचले (मुलगी असती तर बर्फी, पुण्यात हा हिशोब अजून पक्का आहे), आणि आता जरा खुर्ची ओढून बसा कारण दिवस फार वाईट आलेत. परवा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक सहा-सात वर्षांचं पोरगं सायकलवरून आपटलं आणि त्याचा चांगला तरणाताठा, दाढी वगैरे असलेला बाप त्याच्याजवळ उकिडवा बसून चक्क विचारत होता, "खूप लागलं का रे? रडायचंय का तुला?" विचारत होता! म्हणजे ऑप्शन देत होता! आमच्या वेळी पडलं की वरून अजून एक बसायची, म्हणजे दोन्ही दुखणी एकाच रडण्यात उरकायची. हे असले बाप बघून माझ्यासारख्या अनुभवी माणसाने गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून लिहितोय. सल्ले फुकट आहेत, तसाही पुण्यात फुकट सल्ल्यांचा कधी तुटवडा नव्हता.

तर पहिलं रडण्याचं बघू. तीनेक वर्षांपर्यंत चालवून घ्या, त्यानंतर "मुलगा ना तू?" हे वाक्य सुरू करा. बघा किती साधं आहे, शिवी नाही काही नाही, नुसता प्रश्न, पण पोराला बरोब्बर कळतं की मुलगा असणं ही एक नोकरी आहे आणि आपण अजून प्रोबेशनवर आहोत. आजी मदतीला असतेच. "बांगड्या भर आता हातात" हे मात्र तिलाच म्हणू द्या, स्वतःच्या हातातल्या बांगड्या वाजवत ती म्हणते तेव्हा त्याला जो जोर येतो तो आपल्याला जमत नाही. पोरगं आठवीत जाईपर्यंत डोळे कोरडे ठणठणीत होतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. आता कुणी शहाणा तुम्हाला सरकारी आकडे दाखवेल की २०२२ साली देशात ज्या १ लाख ७० हजारांवर आत्महत्या नोंदल्या गेल्या त्यातले १ लाख २२ हजारांहून जास्त पुरुष होते. दाखवू दे. त्यांच्यातले किती जण आधी कुणासमोर तरी रडले होते हा रकाना त्या तक्त्यात नाहीये, तेव्हा विषय बदलायला आपण मोकळे.

दुसरं म्हणजे बायकी खेळ. आमचे चिरंजीव पाच वर्षांचे असताना एकदा मामेबहिणीची ओढणी डोक्यावर घेऊन हॉलमध्ये गिरक्या घेत होते, तेवढ्यात माझे दोन मित्र आले, आणि माझा जो काही चेहरा झाला तो आठवला की अजून घाम फुटतो. पोराला काही झालेलं नव्हतं, मित्रांनाही काही वाटलं नव्हतं, एकाने तर टाळ्या वाजवल्या, पण मी "अरे ते, सुट्टी आहे ना, कंटाळतात" असं स्पष्टीकरण दिलं, जे कुणीच मागितलेलं नव्हतं. त्याच रात्री आम्हाला बालगंधर्वला नाटकाला जायचं होतं. आता हे रंगमंदिर १९६८ साली उभं राहिलं ते कुणाच्या नावाने, तर नारायणराव राजहंसांच्या, जे शालू नेसून स्टेजवर आले की साडी कशी चोपून नेसावी आणि गजरा कसा माळावा हे घरंदाज बायका त्यांच्याकडे बघून शिकायच्या. एका पुरुषाकडून! तर तुम्ही असं करा, मुलाला तिथे घेऊन जा, "केवढा थोर कलाकार" म्हणून सांगा, इंटर्व्हलला बटाटेवडा खाऊ घाला, आणि घरी आलात की ओढणी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून द्या. त्याने या दोन्हींचा मेळ कसा घालायचा असं विचारलंच तर "उगाच शहाणपणा नको" हे उत्तर आहे, ते सगळ्या प्रश्नांना चालतं, मी मोठा होईपर्यंत दुसरं ऐकलेलंच नाही.

स्वयंपाकघराचंही तसंच. पुरुष चहा करत नाहीत असं कोण म्हणतं, पुण्यात तर चहा पुरुषच करतात. कुठल्याही अमृततुल्यात जाऊन बघा, वेलची-आलं ठेचून, पितळी पातेल्यात, दिवसभर उकळतोय. तोच माणूस घरी गेला की ओट्यासमोर उभा राहून "साखर कुठेय गं?" लग्नातला आचारी पुरुष, मिसळवाला पुरुष, वडापाववाला पुरुष. मुलाला एवढंच समजावून सांगा की जिथे गल्ला आहे तिथे गॅसजवळ उभं राहायला हरकत नाही, जिथे गल्ला नाही तिथे आई आहे.

आता तुम्ही म्हणाल की मी तसला जुना बाप नाही, मी घरात हेल्प करतो. छान, छान. हेल्प हा शब्द मात्र सोडू नका, त्यात घर मूळ कुणाचं काम आहे हे आपोआप स्पष्ट राहतं. सरकारने २०२४ साली लोकांचा वेळ कुठे जातो ते मोजलं तर घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८, आणि ही फक्त जे पुरुष करतात त्यांची, न करणारे यात धरलेच नाहीत. माझं निरीक्षण असं आहे की या ८८ मधली निदान वीस मिनिटं "झाडू कुठे ठेवलाय" आणि "हे कुठलं फडकं घेऊ" यात जात असावीत, आणि दहा फोटोत. फोटो हवाच. पाठीवर बाळ बांधून सिंहगड चढलेला बाप, पीटीएमला ऑफिस बुडवून आलेला बाप, पोराच्या केसांना तेल लावणारा बाप, अहाहा, बायकांच्या कॉमेंटी बघा, "किती लकी आहे गं ती". ती रोज तेल लावते तेव्हा तिला लकी कोण म्हणालंय का कधी. नाही म्हणायला सरकारही आपल्याला ओळखून आहे. २०१७ पासून आईला पगारी रजा २६ आठवडे, केंद्र सरकारी बापाला १५ दिवस, आणि खाजगी नोकरीतल्या बापासाठी कायदाच नाही, कंपनीच्या मनावर. १५ दिवसांत बाळाचं नाव ठरतं, पाळणा येतो आणि बाप ऑफिसला जातो. पुढचं तिला येतंच, बायकांना उपजत असतं म्हणे ते सगळं.

दिवाळीतला किल्ला हा तर बाप-लेकाचा हक्काचा कार्यक्रम, त्यात ढवळाढवळ होऊ देऊ नका. पद्धत अशी की विटा, पोती, चिखल सगळं तुम्ही करायचं, पोराला पाण्याचा मग धरून उभं करायचं आणि दर पाच मिनिटांनी "अरे इकडे नको, बुरूज पडेल" ओरडायचं. शेजारच्या ताईची मुलगी मदतीला आली तर तिला प्रेमाने रांगोळीकडे वळवा. शेवटी मावळे मांडा, वर सिंहासन ठेवा आणि महाराजांना आऊसाहेबांनी कसं घडवलं ते पोराला भरल्या गळ्याने सांगा. शहाजीराजे तिकडे कर्नाटकात होते हाही तपशील सांगा, तो उपयोगी आहे, आपण बंगळुरूला प्रोजेक्टवर असताना बायको काही बोलली की चटकन काढता येतो.

आणि हो, वाचनबिचन फार नको. याच पुण्यात १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकात तमाम पुरुषजातीची बिनपाण्याने करून छापून ठेवलीय, चुकून पोराच्या हाती लागलं तर तो वाचत वाचत एकदम तुमच्याकडेच बघायला लागेल.

आता गाडी. इथे जरा थांबतो कारण मर्दपणाची खरी परीक्षा इथेच असते. पोरगं चौदाचं झालं की गाडीवर बसवून पाय टेकतात का बघा, टेकले की चावी द्या. "कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंतच हं" अशी अट घाला म्हणजे आपण जबाबदार बाप ठरतो. महिन्याभरात डेअरी सरकत सरकत सिंहगड रोडला जाते, मग एक्स्प्रेस वेला, पण सुरुवात दुधाने झाली होती हे विसरू नका. २०१९ पासून कायदा फार कडक केलाय, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, वर २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला पंचविशी गाठेपर्यंत लायसन नाही. पण हे वाचून घाबरायला आपल्या हातात काय बांगड्या आहेत का? गाडीच्या मागे फक्त "आईवडिलांचा आशीर्वाद" असा स्टिकर लावा, म्हणजे गाडी दिली कुणी हे पोलिसांना शोधत बसावं लागणार नाही.

१८-१९ मे २०२४ ची रात्र पुण्यात कुणी विसरलेलं नाही. कल्याणीनगर, पोर्शे, चालवणारा १७ वर्षांचा, आणि बाइकवर एक मुलगा, एक मुलगी, दोघंही चोवीस वर्षांचे इंजिनियर, मध्य प्रदेशातून इथे नोकरीला आलेले. दोघंही गेले. पोर्शे चालवणाऱ्या पोराला काही तासांत जामीन मिळाला आणि त्याच्या अटींमध्ये एक अट होती, अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. पुढे सगळीकडे बोंबाबोंब झाली, बापाला अटक झाली, ते सगळं पेपरात आलंच, पण आपण बापांनी यातून घ्यायचा धडा घ्यावा, तो म्हणजे पोराचं निबंधलेखन कच्चं ठेवू नका. इंग्लिश मीडियमची पोरं, ३०० शब्द म्हटलं की रडकुंडीला येतात, आणि रडायला तर आपण वर पहिल्याच सल्ल्यात बंदी घातलीय.

(इथे पुढे विनोद सुचत नाहीये. त्या दोघांच्याही घरी बाप असतील. चला पुढे.)

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, पोराशी थेट बोलू नका. घरात एक प्रवक्ता असतो, त्याला आपण बायको म्हणतो. जे सांगायचं ते "तुझ्या चिरंजीवांना सांग" असं तिच्यातर्फे पाठवायचं, उत्तर तिच्यातर्फेच येतं, येताना ती त्यातले काटे काढते आणि थोडं तूप लावते, हे तिचं काम कुठल्या २८९ मिनिटांत धरलंय की नाही देव जाणे. मार्क चांगले पडले तर "माझा मुलगा", कमी पडले तर "तुझा". थेट बोलायची वेळ आलीच तर चालणारे विषय म्हणजे क्रिकेट, मायलेज, कुठल्या चौकात ट्रॅफिक आहे आणि "पैसे आहेत का?" हा शेवटचा प्रश्न म्हणजे आपलं प्रेम असतं, पण ते पोराला सांगू नका, त्याला चाळिशीत आपोआप कळतं.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हे शास्त्र अगदी परिपूर्ण केलेलं. ते शनिवार पेठेत, मी लग्नानंतर कोथरूडला, रोज रात्री नऊला फोन. "हं. जेवलास? बरं. थांब, आईला देतो." झाला फोन. वीस वर्षांत आमचं बोलणं दहा सेकंदांच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही, मग आई पाऊण तास बोलायची आणि त्यात मधेमधे "हे विचारतायत की" असं यायचं, म्हणजे अण्णा तिथेच शेजारी बसलेले असायचे. २०२२ ला आई गेली. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि नऊला फोन आला. जेवलास? हो. पाऊस आहे का तिकडे? (शनिवार पेठ ते कोथरूड, पाऊस एकच असतो.) आहे. बरं. आणि मग सवयीने "थांब, आई..." म्हणाले आणि थांबले. मीही थांबलो. दोघंही पुरुष, दोघांनाही वळण उत्तम लागलेलं, त्यामुळे दोघंही फोन कानाला लावून बसलो, त्यांच्या खिडकीखालून कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेत होती तिचा आवाज येत राहिला, मग ते म्हणाले, "गॅस बंद केलाय का बघतो," आणि ठेवला.

तेव्हा बापांनो, बायकोची शुगर-बीपी वेळच्या वेळी तपासत जा. सगळी लाईन तिच्यावरून जाते.

आमच्याकडे मात्र आता सगळंच बिघडलंय. हल्ली अण्णा म्हणतात, "थांब, त्याला दे," आणि चिरंजीव, वय वर्षं दहा, फोन घेऊन गॅलरीत जातात. अण्णांना मी जन्मात अहो-जाहोशिवाय बोललो नाही, हा सरळ "ए आजोबा". मागच्या आठवड्यात मी कपडे काढायच्या निमित्ताने दारापर्यंत गेलो तर हा विचारत होता, "ए आजोबा, आजी गेल्यावर तू रडलास का रे?" माझ्या हातातले चिमटे खाली पडले. धावत जाऊन फोन काढून घेणार होतो, पण पोरगं नुसतं "हं... हं" करत होतं, म्हणजे पलीकडून अण्णा काहीतरी बोलत होते, आणि बराच वेळ बोलत होते. काय बोलत होते ते मला नाही कळलं, स्पीकर बंद होता. नंतर विचारलं तर चिरंजीव म्हणाले, "ते आमचं आहे. तू फोन करून विचार ना त्यांना."

आमचं गेलं हातचं. तुमचं अजून लहान असेल तर बघा काही जमतंय का.