पाय जमिनीवर यावेत म्हणून

आरे चेकनाक्याच्या सिग्नलला मी आजवर चार वेळा पडले आहे. चारही वेळा सायकल थांबलेली होती. चालत्या सायकलवरून पडलं तर निदान सांगायला एखादा खड्डा, एखादं कुत्रं तरी असतं. मी लाल दिवा बघते, शिस्तीत ब्रेक लावते, मागेपुढे पाहते आणि मग डावीकडे आडवी होते. सावकाश. इतकी सावकाश की शेजारच्या रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावरची काळजी मला पडता पडता नीट बघता येते.

कारण उंची. पाच फूट, तीही सकाळी मोजली तर. लोकलमध्ये वरच्या कडीपर्यंत माझा हात पोचत नाही, पण तिथे गर्दी असते. गर्दीत पडायलाच जागा नसते. सायकलवर ही सोय नाही.

‘मग सीट खाली घे की,’ असं नवरा म्हणतो. त्याला सायकल येत नाही. पायडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, गुडघ्यात जेमतेम बाक राहायला हवा. सीट त्याहून खाली घेतली तर दर फेरीला गुडघे दुमडून बसतात आणि संध्याकाळी जिना चढताना त्याचं व्याज घेतात. मी दोन महिने घेऊ दिलं. मग भिंतीला टेकून उभी राहिले, दोन पायांमध्ये जाडजूड डिक्शनरी धरली आणि जमिनीपासून तिथपर्यंतचं अंतर मोजलं. ते आलं 70 सेंटिमीटर. याला 0.883 ने गुणायचं असतं. उत्तर 61.8. पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मधल्या बिंदूपासून सीटचा माथा एवढ्या उंचीवर हवा. गुडघे खूश झाले, मात्र पाय हवेत राहिले.

उतारावर आणखी वेगळीच तऱ्हा. पाऊस सरल्यावर आरेत आतल्या पायवाटांवर जावं, तर उतरताना अंग मागे आणि खाली न्यावं लागतं, नाहीतर पुढचं चाक दगडाला अडलं की हँडलवरून आपण पुढे. आणि मागे जायला निघावं तर उंच सीट पोटात ढोसणी देऊन म्हणते, ‘कुठे निघालात?’ म्हणून जाणकार लोक उताराच्या तोंडाशी उतरतात, सीटची दांडी आवळून धरणारा क्लॅम्प सैल करतात, सीट दाबून खाली बसवतात, आणि उतार संपला की पुन्हा उतरून वर करतात. आरेत उतार सरळ लागत नाहीत, चढ-उतार-चढ असे लागतात. तासाभरात मी सायकल वीस मिनिटं चालवली आणि चाळीस मिनिटं दुरुस्त केली. जाणारे-येणारे थांबून ‘पंक्चर का?’ विचारत.

ही अडचण माझ्या एकटीची नाही हे मला उशिरा कळलं. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात जो ब्रीझ आणि जॉश एंजल या दोघांनी ‘हाइट-राइट’ नावाची एक स्प्रिंग काढली होती. ती सीटच्या दांडीला लावायची, बसल्या बसल्या क्लॅम्प उघडायचा, वजनानं सीट खाली, उठलं की स्प्रिंगनं वर. म्हणजे मी बालवाडीत असताना जगातल्या हुशार माणसांनी माझ्या आरेतल्या अडचणीवर काम सुरू केलेलं होतं.

त्याचं आजचं रूप म्हणजे ड्रॉपर, सीटची आपोआप खाली-वर होणारी दांडी. हे मला भाच्यानं दाखवलं. उंची सहा फूट, त्यामुळे त्याला त्याची गरज सर्वांत कमी. हँडलवरचा लिव्हर त्यानं अंगठ्यानं दाबला, सीटवर बसला, सीट खाली गेली. उठून पुन्हा लिव्हर दाबला, सीट आपोआप वर. ‘मामी, आत गॅस असतो,’ तो गंभीरपणे म्हणाला. मी बघत राहिले. ऑफिसमधल्या माझ्या खुर्चीत तंतोतंत हेच आहे! वीस वर्षं मी एका ड्रॉपरवर बसून व्हाउचर पास करते आहे आणि कोणी एका शब्दानं बोललं नाही.

मग त्यानं मोबाईलवर 2022 ची मिलान–सान रेमो शर्यत दाखवली. सुमारे 300 किलोमीटर चालवून झाल्यावर स्लोव्हेनियाचा मातेई मोहोरिच पोज्जो या शेवटच्या टेकडीच्या उतारावर सीट खाली घेऊन असा सुटतो की मागच्यांना तो शेवटपर्यंत सापडत नाही. तेही रस्त्यावरच्या सायकलवर! मी ते तीन वेळा पाहिलं. पोज्जो आणि आमची दिंडोशी यांत फार फरक नाही असं तिसऱ्या वेळी वाटू लागलं.

ड्रॉपर घ्यायचा असं ठरलं आणि मग कळलं की ड्रॉपर ‘घेता’ येत नाही. तो जुळवावा लागतो. स्थळासारखा.

पहिला प्रश्न जाडीचा. सीटची दांडी फ्रेमच्या नळीत बसते आणि त्या नळ्या 27.2, 30.9, 31.6, 34.9 अशा मिलिमीटरच्या मापांत येतात. हे आकडे कोणी ठरवले देव जाणे, चपलेचे नंबरसुद्धा याहून समजूतदार असतात. दुकानात फोन केला तर पलीकडचा म्हणाला, ‘मॅडम, 31.6 आहे, घेऊन जा. तुमची 30.9 असली तर थोडं घासून बसवू.’

दुर्दैवानं फोन स्पीकरवर होता आणि अप्पा जेवत होते.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मापानं करायचं काम राहिलं नव्हतं. मध्यंतरी ते भाकऱ्यांच्या जाडीबद्दल बोलायचे, सासूबाईंनी ते बंद केलं. त्यांनी घास ताटात ठेवला.

‘घासून?’

‘अप्पा, सात दशांश मिलिमीटरचाच तर—’

‘सात दशांश!’ अप्पा हात न धुता उठले. ‘अगं, सात दशांशात गाडी रुळावरून उतरते.’

खरी गोष्ट अशी की जाड नळीत बारीक दांडी मधे धातूची पातळ बाही घालून बसवता येते, बारीक नळीत जाड दांडी मात्र कशानंही नाही. ड्रॉपर तर घासूही नये. हे अप्पांना सांगावं लागलं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरून, जिथे आमच्या लग्नाचे अल्बम आहेत त्याच्याही मागून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला व्हर्निअर कॅलिपर निघाला. माझी जुनी दांडी उपसली गेली. तिच्या खालच्या टोकाला 30.9 असं ठळक छापलेलं होतं. मी ते दाखवलं. ‘छापलेलं मी वाचत नाही,’ असं म्हणून अप्पांनी तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं सहा वेळा मोजलं, कॅलेंडरच्या मागे लिहिलं, सरासरी काढली. 30.88. ‘दोन शतांश कमी आहे,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खंत होती, कोणाला बोलताही येत नाही अशी.

दुसरा प्रश्न सीट किती खाली जाणार याचा. बाजारात 100, 125, 150, 175, 200 आणि त्याच्याही वर, असे मिलिमीटरच्या हिशोबात मिळतात. मी अर्थातच 200 म्हणाले. माझ्यासारखीला नाही तर कोणाला? इथे या शास्त्रातला खरा अन्याय सुरू होतो. फ्रेमच्या वर दांडी जेवढी दिसते, तेवढ्यातच सगळा कारभार व्हायचा असतो. सहा फुटी माणसाची सीट आभाळात, तिच्याखाली वीतभर नाही, दोन वीत दांडी दिसते, त्यामुळे त्याला 200 सहज मिळतात. माझी सीट मुळातच बुटकी. क्लॅम्पपासून सीट ज्यांवर बसते त्या तारांपर्यंत मोजलं, भरलं 185. त्यात ड्रॉपरची मान आणि डोकं मिळून 50 जातात, ती काही खाली जात नाहीत. उरले 135. म्हणजे 125 चाच ड्रॉपर. 150 चा घेतला तर सीट पूर्ण वर आल्यावर दीड सेंटिमीटर जास्त उंच. ज्याचे पाय एरवीही टेकतात त्याला 200, आणि जी सिग्नलला आडवी होते तिला 125! रेशनच्या दुकानातसुद्धा अशी पद्धत नसेल.

‘काही ड्रॉपरचा पल्ला आतून 10-20 मिलिमीटर कमी करता येतो,’ भाचा म्हणाला. ‘150 घेऊन 130 करू.’ पाच मिलिमीटर जास्त मिळणार म्हणून माझे डोळे चमकले. पण 150 चा ड्रॉपर मुळात लांब, तेवढा खाली नळीत मावायला हवा. मावतो का हे बघायला अप्पांनी खराट्याची काडी नळीत सोडली. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू आत डोकावतात, तिथे ती 230 वर अडली. लांब दांडीला 240 हव्या होत्या. पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून अप्पांनी काडी जरा दाबली आणि ती आत मोडली. पुढचा अर्धा तास दोघांनी सायकल उलटी धरून हलवली. काडी बाहेर आली, तिच्याबरोबर 2019 सालचं वाटावं असं आरेतलं थोडं पाणीही आलं.

125 ठरला. लिव्हर ते सीट जोडायचं कशानं, हा तिसरा प्रश्न. एक तर साधी केबल, एक तेलावर चालणारी नळी, आणि तिसरा बिनतारी, बॅटरीवरचा. बिनतारीची किंमत ऐकून मी ‘बघू’ म्हणाले, मराठी माणसाचं नाही ‘बघू’ असंच असतं. शिवाय आमच्या घरात दोनच प्लग पॉइंट चालू आहेत आणि तिथे सीट चार्ज होते आहे हे मला सासूबाईंना समजावता आलं नसतं. साधी केबल घेतली. तिच्यातही बाहेरून जाणारी आणि फ्रेमच्या पोटातून जाणारी असे दोन प्रकार. माझ्या फ्रेमला खाली एक रबरी बूच होतं, जे मी सात वर्षं पाणी निघायचं भोक समजत होते, ते याच केबलसाठी होतं. लिव्हरची जागा डाव्या अंगठ्याखाली. तिथे माझ्या पुढच्या तीन चक्रांचा गिअर बसला होता, म्हणून हँडलच्या वरच्या अंगानं बसणारा लिव्हर शोधला. हे सगळं फोनवर. पुढे काय झालं ते मात्र सविस्तर सांगायला हवं.

रविवारी सकाळी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून सायकल उलटी केली. केबल एका भोकातून आत गेली आणि दुसऱ्यातून बाहेर यायला तयार होईना. भाच्यानं वाकवली, मी ढकलली, अप्पांनी टॉर्च धरला आणि सूचना दिल्या. नवऱ्यानं चहा केला. दीड तास गेला. सासूबाई भाजी निवडत होत्या. शेवटी त्या मेथीची जुडी बाजूला ठेवून आल्या, म्हणाल्या, ‘सरका. परकरात नाडी कधी ओवली नाहीत का कुणी?’

त्यांनी गळ्यातल्या साखळीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, शिवणाच्या डब्यातला पक्का दोरा तिला बांधला आणि पिन भोकात टाकली. ‘आता हिला आतून पुढे न्यायची.’ परकरात बोटांनी नेतात, इथे बोट लागत नाही. त्या अप्पांकडे बघून म्हणाल्या, ‘तो तुमचा जुना स्पीकर फोडला होतात, त्याचा लोहचुंबक कुठाय?’ फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, तिला चुंबकाचं सोयरसुतक नाही. पिन मात्र पोलादी. सासूबाईंनी चुंबक नळीवरून वेलांटी काढल्यासारखा हळूहळू फिरवला, पिन आतून टिकटिक करत त्यामागे चालली आणि वरच्या भोकातून तिनं डोकं काढलं. दोऱ्याला केबल बांधून ओढली. चार मिनिटं. मेथी सुकू नये म्हणून त्या लगेच परत गेल्या.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, आपलंही काही राहावं म्हणून, क्लॅम्प त्यांनी आवळला. मी सीटवर बसले, लिव्हर दाबला, सीट खाली गेली. टाळ्या. उठले, लिव्हर दाबला. सीट खालीच. पुन्हा दाबला. ढिम्म. पाच आकडी रक्कम माझ्या डोळ्यांपुढून गेली. भाच्यानं कागद वाचला: क्लॅम्प पाच-सहा न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नये, बाहेरची नळी चिमटली की आतली अडकते. सगळ्यांनी अप्पांच्या मनगटाकडे पाहिलं. त्या मनगटानं चौतीस वर्षं रेल्वेचे डबे आवळले होते. अर्धा आटा सैल केला आणि ‘ठप्प’ असा आवाज करत सीट वर आली, थेट हनुवटीखाली, कारण ती वर येते का बघायला मी वाकले होते.

दुपारभर अप्पाच बसून खाली-वर करत होते. ‘सुटसुटीत काम आहे,’ असं त्यांनी तीनदा सांगितलं, म्हणजे आवडलं. वॉचमनला तेवढी ताकीद दिली, की सीट खाली असताना सीट धरून सायकल उचलायची नाही, काही ड्रॉपरमध्ये त्यानं आत नको तिथे हवा शिरते. त्यानं ती पुढच्या प्रत्येक वॉचमनला दिली. आता आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या सायकलला कोणी हातच लावत नाही, ती लिफ्टसमोर असली तरी.

सोमवारी सकाळी सव्वासहाला आरे चेकनाका. लाल दिवा. मी ब्रेक लावला, लिव्हर दाबला आणि सव्वाशे मिलिमीटर खाली गेले. दोन्ही पायांचे चवडे, चक्क, डांबरावर. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी तरी बघायला हवं होतं.

शेजारच्या रिक्षावाल्यानं बघितलं होतं. तो बाहेर वाकून, मनापासून वाईट वाटून म्हणाला, ‘ताई, तुमची सीट बसली.’

दिवा हिरवा झाला. मी जरा उचलले, अंगठा दाबला.

‘उठली, दादा,’ मी म्हटलं आणि निघाले.